मोजा जाजमावरून उठत नाहीत

रुसैल,
१२ ऑक्टोबर २०१४

आदरणीय पास्ते सर,

इथूनच वाकून नमस्कार. मी धनंजय राऊळ, सावंतवाडी आयटीआय, प्लंबर ट्रेड, १९९९ ची बॅच. दोन वर्षांपूर्वी आंबोलीच्या स्टँडवर आपण भेटलो होतो. तुम्ही मला दिगंबर म्हणालात, मीही हो म्हणालो. पत्ता तुमच्या पुतण्याकडून घेतला. फोन नंबर मागितला तर तो म्हणाला, काका तांत्रिक विषय फोनवर बोलत नाहीत, लेखी विचार म्हणतात. म्हणून लेखी विचारतो.

गेली सहा वर्षं मी मस्कतजवळ रुसैलला एका कंपनीत आहे. आमचं काम मोठमोठ्या एसींच्या थंड पाण्याच्या पाइपांचं. मॅनेजर राजीव सर, केरळचे. गेल्या रविवारी ते यार्डात आले आणि सगळ्यांना विचारलं, "सोलर फ्लोअर हीटिंग किसने किया है?" आता सर, कुडाळला एका बिल्डिंगीवर मी सोलरचे बंब बसवले होते. चार मजल्यांना गरम पाणी. मी हात वर केला आणि म्हणालो, "मैंने किया है, चार फ्लोअर का."

राजीव सर माझ्याकडे बघतच राहिले. मला वाटलं, चार कमी पडले की काय. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि ऑफिसात नेऊन चहा पाजला. चहाबरोबर कळलं की फ्लोअर म्हणजे इथे मजला नव्हे, फरशी. फरशीखाली नळ्या घालायच्या, त्यातून उन्हावर तापलेलं पाणी फिरवायचं आणि अख्खं घर गरम करायचं. मी तोंड उघडेपर्यंत ते घरमालकाला फोनवर सांगत होते, आमच्याकडे एक्सपर्ट आहे.

तुम्ही म्हणाल, ओमानात घर गरम कशाला करायचं. मलाही तेच वाटलं. पण इथे जबल अख्दर नावाचा डोंगर आहे, आंबोलीच्या तिप्पट उंच. वर सैक नावाचं गाव. तिथे थंडीत पहाटे उघड्यावरचं पाणी गोठतं म्हणतात. त्या गावात आमच्या घरमालकाची, सालिमसाहेबांची, म्हातारी आई एकटी राहते. आजवर शेगडीत कोळसे पेटवून बसायची. गेल्या हिवाळ्यात त्या धुराने छाती भरली आणि बारा दिवस दवाखान्यात काढले. डॉक्टरांनी धूर बंद केला. मुलगा म्हणतो, खाली मस्कतला, माबेलात माझ्या घरी चल. आई म्हणते, डोंगर सोडणार नाही. शेवटी दोघांचं ठरलं, की एक जानेवारीपर्यंत धुराशिवाय घर गरम झालं तर ती वर राहील, नाहीतर मुकाट्याने खाली येईल.

म्हणजे आता ते माझ्यावर आलं. खोटेपणा उघडा पडला तर मला घरी पाठवतील, ते एक वेळ चालेल. पण माझ्या एका 'हो'पायी म्हाताऱ्या बाईला तिचं घर सोडावं लागलं तर ते सोसवायचं नाही.

सर, तुम्ही असलं काम केलंच असेल. पहिल्यापासून सांगा. पुढच्या आठवड्यात मला वर पाठवताहेत. उत्तर रुसैलच्या पत्त्यावर पाठवा, कंपनीची गाडी माझ्यापर्यंत पोचवेल.

आपला विद्यार्थी,
धनंजय

&nbsp;

आंबोली,
२४ ऑक्टोबर २०१४

धनंजय,

पत्र पोचलं. शुद्धलेखनाच्या अकरा चुका आढळल्या, त्या लाल शाईने दुरुस्त करून पत्र फाइलला लावलं आहे. तू दिगंबर नव्हेस हे मला त्या दिवशीही ठाऊक होतं. तू दुरुस्त करतोस की नाही, ते पाहत होतो.

फरशी तापवणे हा विषय मला नवा नाही. सखोल विवेचन मी योग्य वेळी करीन. तूर्त मूलतत्त्व ध्यानात घे. न्हाणीघरातला बंब आणि हे काम यांत तत्त्वतः फरक नाही. बंबात पाणी उभं असतं, इथे ते आडवं आहे, इतकंच. नळी आंबोलीच्या घाटासारखी नागमोडी टाकावी. एका भिंतीपासून निघावं, दुसऱ्या भिंतीला वळावं, परत यावं. आणि पाणी जितकं कढत, तितकं घर उबदार, हे सांगायला नकोच.

खोल्यांची मापं, नळीची जाडी, टाकीची उंची आणि आराखडा पाठव. त्याशिवाय पुढचं काही सांगणं शास्त्राला धरून होणार नाही.

खोटं बोललास हे वाईट केलंस. पण बोललाच आहेस तर ते खरं करून दाखवणं हाच आता सरळ मार्ग आहे.

ग. रा. पास्ते
(निवृत्त निदेशक)

&nbsp;

सैक,
९ नोव्हेंबर २०१४

आदरणीय सर,

तुमचं पत्र वाचून अर्धी थंडी गेली. उरलेली अर्धी माकडटोपीने जाते. सर, मी वेंगुर्ल्याच्या बाजूचा माणूस, थंडी म्हणजे काय ते मला आईसफॅक्टरीत गेल्यावर कळलं होतं. इथे सकाळी पान्हा हातात घेतला की हाताला चिकटतो.

डोंगराच्या पायथ्याशी पोलिसांची चौकी आहे, तिथून पुढे फोर-व्हीलची गाडीच सोडतात, इतका चढ. वर डाळिंबाच्या बागा आहेत, आणि दगडी पाटाने पाणी खेळवलंय. त्या पाटाला इथे फलज म्हणतात. सालिमसाहेबांच्या घराला तीन खोल्या आणि पुढे मजलिस, म्हणजे बसाउठायची मोठी खोली. सगळीकडची जुनी फरशी उखडली. खाली फोमचे जाड बोर्ड टाकले, म्हणजे ऊब जमिनीत मुरायला नको. त्यावर नळ्या, नळ्यांवर कोबा.

नळ्यांबरोबर इटलीचं एक पुस्तक आलंय. त्यात चित्र काढलंय, की नळी नागमोडी नको, चकलीसारखी गोल गोल आत न्यायची आणि आल्या वाटेच्या बाजूनेच परत बाहेर आणायची. गरम पदर आणि गार पदर शेजारी शेजारी. मी तसंच केलंय. तुमचा अवमान करायचा हेतू नाही. आईच्या हाताखाली चकल्या पाडल्यात, म्हणून हात बसला.

सालिमसाहेबांच्या आई, म्हणजे आजी, तोवर शेजारी राहतात आणि रोज येऊन बघतात. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, की हा फलज घरात कशाला घेतोस. मला जमतं तितक्या अरबीत सांगितलं, की पाणी जमिनीखालून फिरणार. त्या म्हणाल्या, म्हणजे प्यायला नाही, झाडालाही नाही. मी नाही म्हणालो. मग त्यांनी मला खजूर दिले, माणूस वेडा असला की देतात तसे.

नळ्यांत दाब भरून एक अख्खा दिवस ठेवला. काटा हलला नाही. मगच कोबा टाकला. छतावर सोलर बसवलंय, पाणी फिरवायचा पंपही सोलरच्या पॅनलवरच चालतो.

आता खरा प्रश्न. पुस्तकात लिहिलंय, की नळीतलं पाणी चाळीस अंशांच्या वर जाता कामा नये. आंघोळीचं पाणीसुद्धा याहून कढत असतं. सालिमसाहेबांनी टाकीखाली बोट धरून पाहिलं आणि म्हणाले, याने चहा होणार नाही, घर काय होणार. मलाही ते पटतं. तुम्हीही कढत पाणी सांगितलंय. पुस्तक इटलीवाल्यांचं आहे, त्यांना आपल्याइतकं बंबाचं ज्ञान नसेल. तेव्हा कोबा वाळला की मी व्हॉल्व्ह पूर्ण उघडून सत्तर अंशांचं पाणी सोडतो. तुमचं उत्तर आलं की सुरू करतो.

आराखडा सोबत जोडलाय.

आपला,
धनंजय

&nbsp;

आंबोली,
२१ नोव्हेंबर २०१४

चि. धनंजय,

मी सरांची बायको, मीराबाई. तू मला पाहिलं नसशील. हे पत्र ह्यांना न सांगता लिहितेय आणि पोस्टातही मीच टाकणार आहे.

कढत पाणी अजिबात सोडू नकोस. तुझं नऊ तारखेचं पत्र वाचून हे दोन दिवस जेवले नाहीत. तुला चुकीचं सांगितलं हे कळलंय, पण लिहून पाठवायला हात धजत नाही.

खरं सांगू का, ह्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. तुझं पहिलं पत्र आलं त्याच दिवशी एसटी धरून सावंतवाडीच्या वाचनालयात गेले. तीनदा जाऊन आले. मग एके सकाळी पहार घेऊन माझी पडवी उखडली. शेणाने सारवलेली चांगली जमीन होती. तिथे काळी नळी घातली, नागमोडी, वर कोबा टाकला आणि छपरावरच्या सोलर बंबाला जोडली. कोबा पुरता वाळलाही नव्हता. भर दुपारी ह्यांनी बंबाचं पाणी सरळ आत सोडलं आणि काय होतं ते बघायला अनवाणी वर उभे राहिले. आधी काही होईना. हे म्हणाले, अजून सोड. मी सोडलं. थोड्या वेळाने कोब्याला चीर गेली आणि हे नाचायला लागले. शेजारच्या गावड्यांच्या बायका धावत आल्या, त्यांना वाटलं सरांच्या अंगात आलं. एकीने हळदकुंकूही आणलं होतं.

तळव्यांना लोणी लावून आठ दिवस बसून होते. आता कोबा दुसऱ्यांदा टाकलाय आणि गार पाणी मिसळून कोमटच सोडतात. त्यावर मी तांदूळ निवडायला बसते. गुडघे बरे वाटतात, पण ते मी ह्यांना सांगितलेलं नाही, नाहीतर माजघरही उखडतील.

तुला कळलं हे ह्यांना कळू देऊ नकोस. आणि विचारायचं थांबवू नकोस. बऱ्याच वर्षांनी हे माझ्या आधी उठताहेत.

जपून राहा. कानाला बांधत जा.

काकी

&nbsp;

सैक,
८ डिसेंबर २०१४

आदरणीय सर,

पाण्याबद्दल तुमचं उत्तर यायचंय, तोवर पुस्तकाप्रमाणे अडतीस अंशांवर ठेवलंय. तुमचे तळवे, म्हणजे तुमची तब्येत बरी असेल अशी आशा करतो.

कोबा वाळला, पाणी सुरू केलं, दहा दिवस झाले. काम नीट झालंय, तरी मजलिस गारच आहे. पहिल्यांदा सालिमसाहेबांचा दोष होता. ते शुक्रवारी येतात आणि भिंतीवरचं बटण एसीच्या रिमोटसारखं फिरवतात. वर करतात, पाच मिनिटं थांबतात, काही झालं नाही म्हणून आणखी वर करतात, मग वैतागून बंद करून निघून जातात. कोबा आज तापवला तर उद्या कळतो, हे त्यांना पटत नाही. इन्शाल्ला म्हणतात आणि परत बटण फिरवतात. मी आता बटणावर डबा ठोकलाय.

पण खरं कारण दुसरंच निघालं. थर्मामीटर लावून पाहिलं. दाराजवळ तीन हात मोकळी जागा आहे, जिथे चपला काढतात, तिथे कोबा सत्तावीस अंश. बाकीच्या मजलिसमध्ये खाली फोमच्या गाद्या, त्यावर जाड गालिचा, त्यावर बकरीच्या केसांचं जाजम, आणि जाजमावर मोजा. गालिच्याखाली एकतीस अंश आहे आणि वर हवा सोळा. सगळी ऊब खाली अडकून पडलीय. हे सगळं उचललं तर दोन दिवसांत खोली उबदार होईल.

सगळं मोजामुळे अडलंय. मोजा जाजमावरून उठत नाहीत. बाकी दोन्ही थर जाजमाखाली आहेत, त्यामुळे काहीच हलवता येत नाही. मी सालिमसाहेबांच्या हातापाया पडलो. ते म्हणाले, मी मोजांना लहानपणापासून ओळखतो, त्यांच्यावर जोर चालत नाही. फार ओढाताण नको. एक तारखेला मी गाडी घेऊन येतो आणि मोजांना मस्कतला घेऊन जातो, खलास.

म्हणजे काम बरोबर करूनही मी हरलो. सर, मोजांचं काय करू, तेवढं सांगा.

आपला,
धनंजय

(कृ. मा. पा.)

ता. क. वरती घाईत मोजा मोजा लिहून गेलो, ते आजींचं नाव आहे. इथे सगळे नावानेच हाक मारतात, मलाही तीच सवय लागली. ते जाजम त्यांच्या नवऱ्याने विणलेलं आहे. इकडे डोंगरात पुरुष विणतात. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली. आजी जाजमावरच बसतात, जाजमावरच जेवतात, आणि ते गुंडाळायचं नाव काढलं की ऐकू न आल्यासारखं करतात.

&nbsp;

आंबोली,
१९ डिसेंबर २०१४

धनंजय,

आधी व्याकरण. 'मोजामुळे' नव्हे, 'मोज्यांमुळे'. 'मोजांना' नव्हे, 'मोज्यांना'. आखातात गेल्यापासून तुझं सामान्यरूप पार बिघडलं आहे. वस्तूला आदरार्थी बहुवचन लावण्याचीही आपल्यात पद्धत नाही.

पाणी अडतीसवर ठेवलंस ते योग्यच. चाळीसच्या वर कदापि नेऊ नकोस. हे मी पुस्तकातलं सांगत नाही, अनुभवातलं सांगतो. कोमट पाणी सावकाश फिरतं आणि सगळीकडे सारखी ऊब देतं. कढत पाण्याने फक्त नुकसान होतं, कोब्याचं आणि इतरही.

आता तुझा प्रश्न. तो वाचून मी थक्क झालो. मोजे जाजमाला चिकटून बसले आहेत, याचा अर्थ कुणी तरी ते ओले असताना तिथे वाळत घातले. लोकर लोकरीला धरते. पण त्यासाठी घरमालकाने खास गाडी घेऊन येऊन मोजे मस्कतला न्यावेत, हा तेलाच्या पैशाचा माज आहे. तिथे धुलाई चांगली होत असेलही. आणि मोज्यांना लहानपणापासून ओळखतो, म्हणजे काय? तीस-चाळीस वर्षांचे जुने मोजे घरात ठेवू नयेत.

तथापि तुझ्या प्रश्नात एक शास्त्रीय मुद्दा दडला आहे, जो तुझ्या लक्षात आलेला दिसत नाही. ऊब कळत नाही ती मोजे आहेत म्हणून. सत्तावीस अंश ही काही भाजणारी उष्णता नव्हे. ती बुटातून कळायची नाही, मोज्यातून कळायची नाही. तेव्हा कसलीही भीड न बाळगता मोजे उचल आणि बाहेर उन्हात टाक. जोवर मोजे त्या घरात आहेत, तोवर तुला यश नाही. मालकालाही सांग, की स्वतःच्या हाताने मोजे काढ आणि मग बोल.

एवढं सगळं लिहिलंस, पण त्या वृद्ध आजींविषयी पत्रात एक अक्षर नाही. त्या कशा आहेत? ज्यांच्यासाठी काम चाललं आहे, त्यांना विसरू नये.

ग. रा. पास्ते

&nbsp;

सैक,
२ जानेवारी २०१५

आदरणीय सर,

तुमचं पत्र परवा, एकतीस तारखेला, राजीव सर स्वतः वर घेऊन आले. दुसऱ्या दिवशी सालिमसाहेब येणार, म्हणून त्यांना राहवेना. मी दारातच पत्र फोडलं. 'मोजे उचल आणि बाहेर उन्हात टाक' इथपर्यंत आलो आणि खाली बसलो. मला वाटलं, सरांचं डोकं फिरलं. पंचाहत्तर वर्षांच्या बाईला उचलून बाहेर टाक म्हणतात. मग वरचं व्याकरण पुन्हा वाचलं आणि उलगडा झाला. सर, माझ्या पत्राच्या मागच्या बाजूला ता. क. होता. तेवढा बघा. मोजा हे आजींचं नाव आहे.

राजीव सरांनी विचारलं, काय लिहिलंय. मला आधी हसू आलं, मग रडू आलं, आणि त्या भरात मी त्यांना सगळं सांगून टाकलं. कुडाळची बिल्डिंग, चार मजले, सगळं. ते म्हणाले, "मैंने भी कभी नहीं किया. पहले क्लायंट को बोल दिया एक्सपर्ट है, फिर यार्ड में ढूँढने आया." मग आम्ही दोघांनी मिळून चहा केला. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

काल सकाळी पत्र पुन्हा वाचलं. आजींचा भाग सोडला तर तुम्ही बरोबर बोलत होता. अडीच महिने मी त्या घरात वावरतोय आणि कायम सेफ्टी शूजमध्ये. सालिमसाहेब जाड मोज्यांत. आजी लोकरीच्या दोन जोड्या घालतात, एकावर एक. त्या कोब्याला अजून कुणाचा पाय लागलेलाच नाही. आकडे मीच बघत होतो, तेही थर्मामीटरवर.

मी दाराजवळच्या मोकळ्या जागेत बूट काढले, मोजे काढले आणि उभा राहिलो. सर, काय सांगू. दिवसभर उन्हात तापलेल्या खळ्यावर संध्याकाळी पाय टाकावा, तसं.

आजी जाजमावरून बघत होत्या. त्यांनी विचारलं, बुटांना काय झालं. माझी अरबी काही एवढी नाही. मी तुमचं पत्र दाखवलं आणि म्हणालो, हिंदमधल्या माझ्या उस्तादांनी लिहिलंय, मोजे काढा. त्यांनी पत्र मागितलं. मी नेऊन दिलं. त्यांनी ते उलटं धरून सगळं निरखलं, तुम्ही लाल शाईने लिहिलेल्या व्याकरणावर बोट ठेवलं आणि विचारलं, हे माझ्या मोज्यांबद्दल आहे का. मी त्यांच्या पायांकडे बोट करून हो म्हणालो. ते खोटंही नव्हतं.

त्या म्हणाल्या, "समुद्रापलीकडचा उस्ताद माझ्या पायांची काळजी करतो, आणि माझा मुलगा गाडी घेऊन येतो."

मग त्या उठल्या. महिनाभर मी विनवण्या करत होतो, त्या बाई आपणहून उठल्या, भिंतीला धरून दारापाशी आल्या आणि दोन्ही जोड्या काढल्या. एक पाय टेकवला, मग दुसरा. डोळे मिटले. म्हणाल्या, "दाफी." म्हणजे ऊबदार. पाटाच्या पाण्यात उभं राहावं तशा उभ्या राहिल्या आणि मग तिथेच, चपला काढायच्या जागेत, मांडी घालून बसल्या.

दुपारी सालिमसाहेब आले. आजींच्या कपड्यांची बॅग त्यांनी आधीच्या शुक्रवारी भरून दाराशी ठेवली होती. आता बॅग दाराच्या आत, ते बाहेर, आणि मध्ये आई. त्यांनी काय चाललंय विचारलं. आई म्हणाली, आधी मोजे काढ. ते म्हणाले, आई, उशीर होतोय, अंधाराच्या आत घाट उतरायचाय. आई म्हणाली, मोजे काढ, उस्तादाने सांगितलंय. एवढा मोठा अर्बाब, म्हणजे शेठ माणूस, एका हाताने चौकट धरून मोजे काढायला लागला. आत पाऊल टाकलं. खाली वाकून हात लावून पाहिला. मग आईशेजारी बसला. मी आणि राजीव सर बाहेर थंडीत उभे होतो, कारण आत जायला वाटच नव्हती.

थोड्या वेळाने आतून हाक आली, "यल्ला, धनंजय." म्हणजे चल, लाग कामाला. गालिच्याचं एक टोक सालिमसाहेबांनी धरलं, दुसरं मी. गाद्या राजीव सरांनी उचलल्या. जाजमाला मात्र कुणी हात लावला नाही. आजींनी ते स्वतः ओढून घेतलं. मला वाटलं, आता परत अंथरणार आणि सगळं मुसळ केरात. पण त्या उघड्या कोब्यावर बसल्या आणि जाजम पायांवरून पांघरलं. खालून ऊब, वर नवऱ्याचं जाजम. कमरेपासून खाली चुलीत ठेवलेल्या रताळ्यासारख्या झाल्या असतील.

सालिमसाहेब मुक्कामाला राहिले. आज सकाळी भिंतीवर एकोणीस अंश आहे आणि वाढतंय. बॅग त्यांनीच आत नेऊन रिकामी केली. आता शेजारच्या तीन म्हाताऱ्या येऊन बसल्यात, चौघी मिळून माझ्याकडे बघतात आणि हसतात. मला काय म्हणतात ते विचारलं, तर सालिमसाहेब सांगत नाहीत.

आजींनी तुमच्यासाठी वाळवलेले गुलाब दिलेत. इथल्या बागेतले. आमचा एकजण गोव्याला चाललाय, त्याच्या हाती धाडतो. त्यांचा निरोप आहे, की उस्तादांनी स्वतःच्याही पायांची काळजी घ्यावी. हे त्यांना मी काही बोललो नव्हतो, आपल्या मनानेच म्हणाल्या.

आपला,
धनंजय

&nbsp;

आंबोली,
१६ जानेवारी २०१५

प्रिय धनंजय,

तुझं पत्र वाचून मी फाइल काढली आणि आठ डिसेंबरचं पान उलटलं. मागच्या बाजूला ता. क. होता. कृ. मा. पा. हेही ठळक लिहिलेलं होतं. त्यालाही मी लाल खूण करून ठेवली आहे, कारण 'पा' चा काना तिरका होता. तीस वर्षं वर्गात पेपर वाटताना मी एकच सूचना देत आलो, की पान उलटा, मागेही प्रश्न आहेत.

त्या बाईंना माझा नमस्कार आणि क्षमा कळव. वाळत घातलेले, चाळीस वर्षांचे जुने, वगैरे जे लिहिलं ते सांगू नकोस.

आणखी एक. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा फरशी तापवणे म्हणजे काय, हे मला ठाऊक नव्हतं. 'माहीत नाही' असं कार्ड लिहायला घेतलं होतं. अर्धं लिहूनही झालं होतं. पण निवृत्त होऊन मला सहा वर्षं झाली आणि तोवर कुणी काही विचारायला आलं नव्हतं. पुतण्या येतो, तोही बरं आहे ना एवढंच विचारतो. ते कार्ड मी पोस्टात टाकलं नाही. त्यामुळे तुझं काम बिघडलं असतं, त्या बाईंना घर सोडावं लागलं असतं. चूक माझी होती. तू राजीवसाहेबांपुढे खरं बोललास हे वाचलं, आणि मला तुझ्याआधी ते जमायला हवं होतं असं वाटलं.

पडवीतला कोबा आता उत्तम चालतो. हिला वाटतं, ती तिथे का बसते ते मला कळत नाही. गुलाब पोचले. हिने ते तांदळाच्या डब्यात ठेवले आहेत, का ते सांगत नाही.

तुझं काम आता पूर्ण झालं. आता तुला पत्र लिहायची काही गरज उरली नाही, हे मी समजतो. या पत्राला उत्तर नाही आलं तरी चालेल.

तुझ्या दोन जानेवारीच्या पत्रात एकच चूक सापडली.

गजेंद्र पास्ते

&nbsp;

रुसैल,
१ फेब्रुवारी २०१५

आदरणीय सर,

घाईत लिहितोय, कारण काम अडलंय. मी परत रुसैलच्या यार्डात आहे. आज एक इंची लोखंडी पाइपाला आटे पाडायचे होते. सतरा वर्षं पाडत आलोय, पण आज डाय हातात घेतली आणि काही सुचेना. तेल आधी घालायचं की मध्ये, मागे किती फिरवायचं, सगळं डोक्यातून गेलंय.

तेव्हा पहिल्यापासून, सविस्तर, आकृती काढून कळवावं. पान अपुरं पडलं तर मागच्या बाजूलाही लिहा.

पाइप तसाच ठेवलाय.

आपला विद्यार्थी,
धनंजय